चौथं फडकं

वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना सुनेच्या हाताला खाकी फडकी तीनच लागली. हवी होती चार. सासऱ्यांचा जुना, गणवेशाचा शर्ट कापून गाडीच्या कामासाठी तिनेच ती केली होती. तिने बादलीत पाहिलं, दोरीखाली पाहिलं, आणि एकदम तिला गाडी आठवली.

तीन आठवड्यांपूर्वी तिने घरच्या घरी गाडीचा एअर फिल्टर बदलला होता. फोनवर व्हिडिओ लावून, सासऱ्यांना हातसुद्धा लावू न देता. फिल्टरचा डबा उघडल्यावर इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत तिने एक फडकं कोंबलं, धूळ आत जाऊ नये म्हणून. शिकवण सासऱ्यांचीच. "उघडं तोंड दिसलं की आधी बोळा लाव. आणि काम झालं की फडकी मोज." पहिलं तिने अगदी मन लावून केलं होतं. दुसरं केल्याचं काही केल्या आठवेना.

गाडी चालवायचे ते फक्त सासरे. अडतीस वर्षं बस चालवलेला माणूस, चढावर गाडी कधी बोटभर मागे जाऊ दिली नव्हती. गेल्या रविवारी मात्र शाळेच्या चढावर गाडी त्यांच्या हातून तीनदा बंद पडली. मागे हीऽ रांग लागली, हॉर्नचा नुसता कल्ला. घरी आल्यावर त्यांनी चावी फ्रिजवर ठेवली. म्हणाले, "पाय बसत नाही आता क्लचवर."

"वयाप्रमाणे होतंच बाबा," मुलगा म्हणाला. "पुढच्या रविवारपासून मीच चालवतो." सूनही मान हलवून मोकळी झाली होती. तेव्हापासून जेवताना टेबलाखाली सासऱ्यांचा डावा पाय फरशी दाबत असायचा. दाब, सोड. दाब, सोड. ती रोज बघायची आणि आणखी एक पोळी वाढायची.

आज तो पुढचा रविवार होता. मुलगा आत तयार होत होता.

काम पाच मिनिटांचं. गुपचूप डबा उघडायचा, फडकं काढायचं, कुणाला पत्ताही लागला नसता. मुलाच्या हातात गाडी झपकन चढ चढली असती, आणि सासऱ्यांच्या म्हातारपणावर कायमचं शिक्कामोर्तब झालं असतं. असा विचार मनात आला याचीच तिला लाज वाटली.

"बाबा, जरा गाडीपाशी येता?"

तिने बॉनेट उचललं. डब्याच्या चारही क्लिपा काढल्या, झाकण उलटं केलं आणि नळीत दोन बोटं घातली. रोज थोडं थोडं आत ओढलं जाऊन आता जाळीला चिकटून बसलेलं खाकी फडकं बाहेर आलं. त्यावर शर्टाचं बटणही शाबूत होतं.

"माझी चूक आहे बाबा. तुमच्या पायाला काहीही झालेलं नाही."

आता बोलणी बसणार म्हणून ती खाली मान घालून उभी राहिली. सासऱ्यांनी फडकं उलटसुलट करून पाहिलं.

"गळाच आवळलास की गं बिचारीचा!"

आणि ते हसायला लागले. इतके, की बॉनेटला धरून उभं राहावं लागलं. डोळे त्याच फडक्याने पुसले, तर गालावर काळा पट्टा उमटला.

"मला वाटलं, संपलं आपलं," ते म्हणाले.

तेवढ्यात मुलगा चावी फिरवत आला. "निघायचं ना?"

सासऱ्यांनी हात पुढे केला. "आण ती इकडे. तू मागे बस."

मुलाने बायकोकडे पाहिलं.

"बस म्हणतायत ना," ती म्हणाली. "सांगते वाटेत."

शाळेच्या चढावर, बरोबर मध्यावर, सासऱ्यांनी गाडी थांबवली. मुद्दाम. मागे बसलेल्या मुलाने सीट घट्ट धरली. हँडब्रेकला हातसुद्धा न लावता सासऱ्यांनी क्लच सावकाश सोडला. गाडी तसूभरही मागे न सरकता अलगद वर निघाली. सुनेला इतकं हलकं वाटलं, की हसू आवरेना.

सासरे मात्र आरशात बघत होते.

"मागे कुणी नाही?"

"कुणीच नाही बाबा. अख्खा रस्ता मोकळा आहे."

"छ्या," ते हळहळले. "आज असायला हवं होतं."