आतल्या बाजूचा स्क्रू

"नाही पोचत, बाबा," आयोना म्हणाली आणि तिने हात बाहेर काढला.

"पोचणार कसा? आईचे हात घेऊन आलीस. पियानोला ठीक आहेत ते." मर्डोने काठी भिंतीला टेकवली आणि तो दुधाच्या रिकाम्या क्रेटवर बसला. बसताना तोंडातून निघालेला आवाज त्याने खोकल्यात लपवला. "सरक."

मोटरसायकल शेडच्या मधोमध उभी होती. बाहेर साउथलँडचं सकाळचं धुकं होतं, आणि त्या धुक्यात कुठेतरी गाई. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबरी नळीवर एक पट्टी असते. तिचा स्क्रू ढिला झाला की इंजिन भलतीकडूनच हवा ओढतं आणि नेमकं फाटकापाशी बंद पडतं. या गाडीत त्या स्क्रूचं डोकं आतल्या बाजूला होतं, सांगाड्याच्या नळीआड. सरळ स्क्रूड्रायव्हर तिथे शिरत नाही. मर्डोने त्यासाठी एका पोलादी सळईची दोन्ही टोकं तापवून वाकवली होती आणि घासून त्यांची पाती केली होती, एक आडवं, एक उभं. एका टोकाने जेमतेम पाव फेरा बसायचा. मग सळई बाहेर काढून उलटी करायची आणि दुसऱ्या टोकाने पुढचा पाव फेरा. खर्र. थांबायचं. खर्र. दिसत काहीच नसे. बोटांनीच बघायचं.

मर्डोचा खुबा निकामी झाल्यापासून दूध काढणं, कुंपणं, वासरं, सगळं आयोनाकडे आलं होतं. त्याच्याकडे हा एक स्क्रू उरला होता.

"झालं," तो म्हणाला. "मार किक."

गाडी पहिल्या किकला लागली. आयोनाने जरा वेळ इंजिनाचा आवाज ऐकला.

"वाईट नाही," ती म्हणाली. त्यांच्या भागात याहून मोठी शाबासकी कुणी देत नाही. मर्डो इतका खूश झाला की काठी विसरून निघाला, आणि दारातून शिव्या देत परत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला नाही.

मग अंत्यविधी झाला. शेजाऱ्यांनी चीज रोल आणले, धुतलेली ताटं परत नेली. गाईंना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांची वेळ झाली की त्या ओरडायच्या. आणि एका सकाळी गाडी फाटकापाशी बंद पडली. आयोनाने ती ढकलत शेडमध्ये आणली. सवयीने हात आत घातला, सवयीने बाहेर काढला.

"नाही पोचत, बाबा," ती रिकाम्या शेडला म्हणाली. मग घरात जाऊन टेबलावर डोकं ठेवून बसली.

परत आली तेव्हा स्क्रू घट्ट होता. सळई सीटवर होती. तिच्या टोकाला ताजं ग्रीस होतं.

ती कुणाला काही बोलली नाही. पुढच्या वेळी ते वाक्य म्हणून तिने दार लोटलं आणि ती बाहेरच थांबली. आतून आवाज आला. खर्र. शांतता. खर्र. तिला इतकं बरं वाटलं की ती तिथेच जमिनीवर बसली. त्यानंतर कधी कधी गाडी बंद पडली नाही तरी ती ते वाक्य म्हणायची.

शेजारची शोना सूप घेऊन आली तेव्हा गाडी पुन्हा शेडमध्ये होती.

"अगं, ती पट्टी फिरवून स्क्रूचं डोकं बाहेरच्या बाजूला घे की. कायमची कटकट जाईल. सरक, मी करते."

"नको. बाबाला नाही आवडणार."

"मर्डोला आवडायचं काय? या गाडीखेरीज त्याला जगात काही आवडलं नाही. आणि आता काय तो बघायला येणार आहे?"

आयोनाने शोनाला हाताला धरून बाहेर आणलं आणि दार लोटून घेतलं. शोना गेली, पण जाताना वळून वळून शेडकडे बघत होती.

त्या दिवशी ते वाक्य म्हटल्यावर आवाज यायला उशीर लागला. आधी काठी वाजली. प्रत्येक पावलामागे थांबत वाजली. मग क्रेट सरकलं. मग तो आवाज आला, जो मर्डो खोकल्यात लपवायचा. आज मागोमाग खोकला आला नाही. खर्र. मग बराच वेळ काहीच नाही. सळई सिमेंटवर पडली. कुणीतरी धापा टाकत ती शोधत होतं.

आयोना दाराला पाठ लावून उभी होती. मेल्यावर माणसाचं दुखणं तरी थांबत असेल, अशी तिची समजूत होती. थांबत नव्हतं. ती हाक मारत होती, म्हणून तो तसाच, त्याच खुब्यावर, येत होता. मारत राहिली तर येतच राहील. आणि नाही मारली तर ही नुसती एक शेड उरेल.

तिने दार उघडलं. आत कुणी नव्हतं. क्रेट गाडीला चिकटून होतं. सळई गाडीखाली पडली होती. तिने ती उचलली. धरायच्या जागी ती कोमट होती.

आयोना गुडघ्यांवर बसली. डोळे मिटले आणि हात सांगाड्याच्या नळीआड नेला. खर्र. सळई उलटी केली. खर्र. पुन्हा उलटी केली. एकदाही चाचपडावं लागलं नाही. पट्टी आवळली गेली.

तिच्या पाठीमागे कुणाची तरी धाप हळूहळू खाली बसत होती. ती वळली नाही.

"तू पड आता, बाबा," ती म्हणाली. "मला येतं हे. शाळेत होते तेव्हापासून येतं."