नाव काढलेलं हस्तलिखित

"हे छापलंत तर मी पुन्हा तुमच्यासाठी एक पान वाचणार नाही!" एल्डन व्हिटकमने कागदांचा गठ्ठा जेवणाच्या टेबलावर आपटला.

समोर विद्यापीठाच्या प्रकाशनाचा रस नावाचा संपादक बसला होता. त्याच्या पुढ्यातलं चावडर, माशांचं दाट सूप, गार होत चाललं होतं.

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या त्या गावात एल्डनला कोण ओळखत नव्हतं? रात्री भुताखेतांच्या कादंबऱ्या लिहायच्या आणि दिवसा वर्गात भयकथाच शिकवायच्या, यात त्याची उभी हयात गेली. आधी सहकारी नाकं मुरडायचे. मग तेच सही मागायला यायला लागले. भयसाहित्यावरचं कुठलंही हस्तलिखित लेखकाचं नाव काढून परीक्षणासाठी त्याच्याकडे यायचं. परीक्षकाला लेखक कळू द्यायचा नाही, ही तिथली पद्धतच.

"दोन परीक्षकांनी आधीच नकार दिलाय," रस म्हणाला. "तुम्ही हो म्हणालात तर मी समितीशी भांडेन. नाहीतर हे पुस्तक कायमचं गेलं."

"जाऊ दे की!"

"जरा दमाने घे रे," एल्डनची बायको लोरेट म्हणाली. "कुणाचं तरी सगळं आयुष्य आहे त्यात."

"अगं, दुसऱ्या प्रकरणात सांगितलेलं पाचव्यात पुन्हा सांगतोय, जणू आत्ताच सुचलंय! वाक्यं अर्धवट सोडलीत. घरात कुणी माणसं नाहीत का याला? थांबवायचं ना वेळीच!"

लोरेटने सुरी उचलली. ती उगीचच पाव कापत राहिली.

"एकही पान बरं नाही?" तिने विचारलं.

"पहिलं प्रकरण झकास आहे. वाचताना हेवा वाटला मला. म्हणून तर जास्त संताप येतो." एल्डन थबकला. त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुला एवढा कळवळा कशाचा? लोरेट, तूच लिहिलंयस की काय हे, माझ्यापासून चोरून?"

लोरेटच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. रसने मान खाली घातली.

एल्डन विरघळला. त्याने तिचा हात हातात घेतला.

"वेडाबाई, मला आधी दाखवायचंस ना! पण खोटा होकार नाही देणार मी. लोक हसतील. ते मला नाही बघवणार."

त्याने नकारावर सही केली. रसने कागद गोळा करून पिशवीत भरले. 

मनासारखं बोलून झाल्यावर एल्डनला भूक लागली. त्याने वाडगा पुढे ओढला.

"चला, ते मिटलं. आता माझ्या भयसाहित्यावरच्या पुस्तकाचं बोल, रस. वसंतात पाठवलंय तुला, अजून उत्तर नाही. कुणाकडे दिलंयस वाचायला?"