हार्ड डिस्कचे पाच आकडे

काळ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एक हिरवी रेघ सेकंदाला दोनदा उमटत होती आणि पुसली जात होती. तिच्या वर एकच इंग्रजी ओळ होती, हार्ड डिस्क सापडत नसल्याची. पद्मजा नवऱ्याच्या खुर्चीमागे उभी होती. भास्करचे दोन्ही हात मांडीवर पडले होते.

"महिना झाला, वहिनी," चिंतामणराव म्हणाले. मत्स्य सर्वेक्षणाच्या या छोट्या कार्यालयाचे ते साहेब. "आतला सेल उतरला आणि सगळी सेटिंग्ज गेली. सेल नवा घातला, पण डिस्कचे पाच आकडे भरल्याशिवाय मशीन पुढे सरकत नाही. मुंबईचा माणूस मशीन चालवणारं नवं डॉस घेऊन दोनदा आला नि फ्लॉप्या ठेवून हात हलवत परत गेला. डिस्क बसवली भास्कररावांनी, आकडे त्यांना पाठ. कागदावर कुठे म्हणून नाहीत."

"ह्यांना आठवतील," पद्मजा म्हणाली.

चौदा महिन्यांपूर्वी भास्कर मेंदूज्वरातून वाचला. तेव्हापासून दर एक तारखेला ती इथे त्याच्या रजेचा अर्ज आणून देई आणि सांगे, पुढच्या महिन्यात रुजू होतील, जागा भरू नका. घरी तो शांत असायचा. वाढलं की जेवायचा, हात धरला की चालायचा. ती मालगुंडच्या शाळेत शिकवून घरी आली, की पूर्वी मारायचा तशी 'पद्मा' ही हाक मात्र मारत नव्हता. शब्द सापडत नाहीत एवढंच, माणसं कळतात, असं ती विचारणाऱ्याला सांगायची.

गंगाराम शिपाई चहा घेऊन आला. "घ्या सायेब. कडक, साखर कमी. तुमच्यावाचून ह्ये मशीन पन उपाशी बसलंय बगा."

भास्कर त्याच्याकडे बघून हसला. तो सगळ्यांकडेच बघून हसत असे.

पद्मजानं त्याचा उजवा हात उचलून कीबोर्डवर ठेवला. चिंतामणरावांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. कुणी काही सांगायच्या आत भास्करनं कोपऱ्यातली एक कळ दाबली आणि पडद्यावर सेटिंग्जचा तक्ता उघडला. बाणाच्या कळीनं तो खाली उतरत गेला. डिस्कच्या ओळीवर थांबला. आठशे वीस. सहा. पासष्ट हजार पाचशे पस्तीस. पुन्हा आठशे वीस. सतरा. बोट एकदाही अडखळलं नाही.

"शाब्बास!" चिंतामणरावांनी टेबलावर थाप मारली. "काय हो भास्करराव, सोमवारपासून येताय ना? खुर्ची तुमचीच आहे, गंगाराम रोज पुसतो ती."

"पुसतो तर!" गंगाराम म्हणाला.

पद्मजानं पदरानं डोळे टिपले. सोमवारी डब्यात काय द्यायचं, इथवर तिचं मन जाऊन पोचलं होतं.

तक्त्यात सर्वांत वर तारीख होती. सेल उतरल्यामुळे तीही चुकली होती. भास्कर वर गेला आणि त्यानं ती दुरुस्त केली. आठ सप्टेंबर अठ्ठ्याऐंशी.

भिंतीवर एकोणनव्वदच्या नोव्हेंबरचं पान लटकत होतं.

"ते बदलू मागाहून," चिंतामणराव घाईनं म्हणाले आणि त्यांनी नव्या डॉसची पहिली फ्लॉपी आत सरकवली. मशीन घरघरलं. या खेपेस ते थांबलं नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या नऊ सप्टेंबरला भास्करला ताप भरला होता.

भास्कर उठला. खुर्ची टेबलाखाली सारली. मग वळून तिच्यासमोर उभा राहिला आणि फार अदबीनं म्हणाला, "बाई, तुमचं काम आता होईल. पुढचं हे साहेब बघतील. मला निघायला हवं. पद्मा शाळेतून यायची वेळ झाली. मालगुंडच्या गाडीनं येते ती. दाराला कुलूप बघून ताटकळत राहील."

चौदा महिन्यांत त्याच्या तोंडून तिचं नाव पहिल्यांदा आलं होतं.

गंगारामनं कपबश्या गोळा करायला घेतल्या. एक कप अजून भरलेला होता, तोही त्यानं उचलला.

"किल्ली आहे तिच्याकडे," पद्मजा म्हणाली.

"असं होय?" भास्करचा चेहरा मोकळा झाला. "मग बरं झालं. मग काही घाई नाही." तो पुन्हा खुर्ची ओढून बसला.

चिंतामणराव दुसरी फ्लॉपी हातात घेऊन उभे होते. तिच्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, सोमवारचं आपण सवडीनं ठरवू. पुढच्या महिन्याचा अर्ज द्या, मी आहे."

"नको, चिंतामणराव," ती म्हणाली. "जागा भरा. हे आता यायचे नाहीत."