भरली घागर

"आधी आपल्या माणदेशाला पाणी द्या, मग आफ्रिकेला!" कापडदुकानाच्या गादीवरून पोरवालशेठ हसले.

"मी माणदेशातलीच आहे, शेठ. टँकरमागे धावलेय, म्हणून तर हे हाती घेतलं," शाल्मली म्हणाली. तिच्या डोक्यावर कृष्णेच्या पाण्याने भरलेली घागर होती. मलावीतल्या एका खेड्यात मुली शाळा बुडवून गढूळ पाणी वाहतात. तिथे विहीर व्हावी म्हणून कॉलेजची मुलं घागरी घेऊन बाजारातून वर्गणी मागत फिरत होती.

दोन पावलांवरच तिचा पाय घसरला. घागर उलटली, गुडघा फुटला.

"राहू दे गं," वर्गणीचा डबा धरलेली मैत्रीण म्हणाली. "फोटो झालेत आपले."

"तिथल्या पोरींना 'राहू दे' म्हणून चालतं का?" शाल्मलीने घागर उचलली आणि लंगडत पुन्हा घाट गाठला.

भरली घागर घेऊन ती परतली, तेव्हा शेठ गादीवरून उतरून रस्त्यात उभे होते. "टेम्पो मागे घे रे, पोरीला वाट दे!" ते ओरडले. मग मैत्रिणीच्या हातातला डबा घेऊन ते शेजारच्या दुकानात शिरले.

"काढा पाकीट, मेहताभाई. मलावीत विहीर खोदायचीय आपल्याला."