मागचं चाक

लढाई संपल्यावर लष्करी लिलावात घेतलेल्या दोन मोटरसायकलींवरून काळुराम आणि नाथा कोलशेतहून कल्याणपर्यंत जोडीनेच हिंडत. मुंब्र्याच्या वळणावर ट्रकने नाथाला उडवलं, जागीच गेला. आदल्याच दिवशी नाथाच्या गाडीचा मागचा ब्रेक काळुरामने दुरुस्त केला होता. स्मशानात सगळे रडले. काळुरामला रडूच येईना. आपल्याच हाताने मित्र गेला, हेच मनाला कुरतडत होतं. तेरावं झाल्यावर नाथाची बायको लक्ष्मी म्हणाली, “भावोजी, पोलीस चौकीतून गाडी तेवढी आणा.” चौकीमागे गाडी चेपून पडली होती. काळुरामने धीर करून मागचं चाक फिरवलं, ब्रेक दाबला. चाक गपकन थांबलं. छातीवरचा धोंडा उतरला. घरी येऊन तो म्हणाला, “वहिनी, ब्रेक लागत होता.” “हवालदाराने मला तेव्हाच सांगितलं होतं. पण तुम्हाला माझं पटलं असतं का?” लक्ष्मी म्हणाली. मग काळुराम नाथासाठी पोटभर रडला.