दारातला उपास

गारव कुत्रा उंबऱ्यात आला आणि भडाभडा ओकला. मांसाचे मोठमोठे, न चावलेले तुकडे पडले. सायव म्हातारी तिथंच बसली होती, परवापासून उपाशी. तिनं शाल नाकाला लावली, आणि इतका वेळ धरून ठेवलेला तिचा धीर सुटला. ज्या घरात कुत्र्याला इतकं खायला मिळतं, तिथला धनी कसला उपाशी बसतोय!

"मेल्या, पोट फुटेल तुझं एक दिवस," ती म्हणाली. कुत्र्यानं तिच्या पायाशी अंग टाकलं.

रिवाज आज्या-पणज्यांपासूनचा. थोरामोठ्यानं अन्याय केला, तर गरिबानं त्याच्या दारात उपाशी बसायचं. मग गरिबाचं मागणं मिटेपर्यंत आतल्यानंही घास घ्यायचा नाही, कुठला करार करायचा नाही. आतल्यानं खाल्लं, की त्याच्या शब्दाला कुत्रंही विचारत नसे.

या घरचा धनी फेलिम हा सरदाराचा मुलगा, पण सायवनं त्याला अंगावर पाजलं होतं, आपल्या घरी वाढवलं होतं. पुढं सगळ्या गोतानं मिळून त्याला टेकडीवरच्या दगडावर उभं केलं, हातात पांढरी काठी दिली आणि नायक म्हटलं. त्या दिवशी सायव आनंदानं रडली होती. त्यानं लढाया मारल्या, तह केले, दुष्काळात घरच्या गाई वाटून टाकल्या. आणि आता केस पिकल्यावर या माणसाला अर्ल, म्हणजे इंग्रजांचा जहागीरदार, व्हायची हौस आली! डब्लिनहून इंग्रजांचा अधिकारी सर हंफ्री आला होता, शिपाई घेऊन. आज फेलिम ती काठी त्याच्या हाती देणार, कागदावर सही करणार. मग डोंगर, कुरणं, नदीतली मासळी, जे सगळ्यांचं होतं ते एकट्या फेलिमचं; आणि फेलिम इंग्लंडच्या राणीचा.

म्हणून ती दारात बसली. आतून पंगतीचा आवाज यायचा. "घ्या साहेब, लाजू नका! अरे, मलाही वाढा!" सगळ्यांत मोठा आवाज फेलिमचा. तिच्या काळजाला घरं पडायची. जाता-येता तो तिच्याकडे बघतसुद्धा नसे.

दुपारी अंगण माणसांनी भरलं. फेलिम काठी घेऊन बाहेर आला. पायरी उतरताना तोल जाऊन तो थेट सायवच्या अंगावर कोसळला.

"कालची उतरली नाही वाटतं," सर हंफ्री हसला.

सायवनं फेलिमला सावरलं. ओठ पांढरेफटक होते. आणि तोंडाला एक वास होता. रिकाम्या पोटाचा. तिच्या स्वतःच्या तोंडाला येत होता तोच. म्हातारीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"लेकरा, तू..."

"हळू बोल, दूधआई. हो म्हणून बसलो होतो मी यांना. तू दारात बसलीस आणि घास घशाखाली उतरेना. पण तेव्हाच सांगितलं असतं, तर यांच्या शिपायांनी तुला फरपटत नेलं असतं. आता सगळं गोत समोर आहे."

तिच्या खांद्याचा आधार घेऊन तो उभा राहिला. आवाज मात्र टेकडीवरच्या त्या दिवसासारखाच खणखणीत निघाला.

"माझ्या दारात बाई उपाशी आहे. तिचं मागणं मिटल्याशिवाय मला घास घेता येत नाही, सही करता येत नाही. तिचं मागणं मला कबूल आहे. काठी गोताची, ती गोताकडेच राहील."

बाप्यांनी एकेक करून डोक्यावरची टोपी काढली. सायवला वाटलं, आपण याला पाजलं हे खरं, पण एवढा मोठा हा झाला कधी? शिपाई गर्दीकडे बघून जागच्या जागी उभे राहिले.

सर हंफ्री लालबुंद झाला. "खोटं! माझ्या शेजारी बसून जेवलास तू! तुझं ताट रिकामं होताना मी डोळ्यांनी पाहिलंय!"

गारव शेपूट हलवत फेलिमच्या पायाशी आला होता. फेलिमनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुमच्या शेजारी जेवला तो हा, साहेब. अर्ल करायचंच असेल, तर यालाच करा."