रमिलाबाईचे दोन फोटो

‘मशीन मजूर शे, नवनीत. मालक डोळा.’ सुरतेच्या लॅबमध्ये, हाताला हात दिसत नव्हता अशा अंधारात, चुनीलाल उस्तादांनी हे सांगितलं होतं. उस्ताद गेले, आवाज राहिला. खापर गावच्या स्टुडिओत सुनेचं प्रिंटरचं मशीन घरघरायला लागलं की तो आवाज नवनीतनानांच्या कानात जागा व्हायचा.

“लागनं शाई थुकाले,” नाना तोंड वाकडं करायचे.

सून रंजिता गिऱ्हाइकांच्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायची, पडद्यावर रंग जुळवायची, शाईने छापायची. नाना त्याच निगेटिव्ह काळोख्या खोलीत कागदावर उतरवायचे, औषधात बुडवायचे, लेकराला न्हाऊ घालावं तसे धुऊन काढायचे. “फोटो उगवाले पाहिजे. तुन्हा मशीनमातून तो नुसता पडस.” नाना, तुमच्या हातच्या रंगाला तोड नाही, असं गिऱ्हाईक म्हणायचं. नाना ते वाक्य उचलून सुनेच्या तोंडावर मारायचे. ती नानांच्या फोटोंची पाकिटं भरत राहायची.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जाताना नाना बजावून गेले होते, “डोळा उघडू दे. एकच बाई, तुन्हा फोटो आणि मन्हा फोटो, शेजारी ठेव. मशीन हारनं ते भंगारमा जाई.” त्या घरात रंजिताचं म्हणावं असं तेवढं एक मशीनच होतं.

आज एका डोळ्याची पट्टी निघाली. दुसऱ्याच्या ऑपरेशनची पाळी यायची होती. काउंटरवर दोन फोटो होते, एक नानांनी ऑपरेशनआधी उतरवलेला, एक मशीनचा, आणि समोर डोंगरातून उतरून आलेला भरत. त्याची आई रमिलाबाई नुकतीच गेली होती. तिची ही एकच निगेटिव्ह उरली होती. नाना देतील तो फोटो घरात लागणार होता.

नानांनी काळा चष्मा काढला.

एका फोटोत रमिलाबाई हसत होती. पळसफुली लुगडं, उन्हानं रापलेला गाल, गळ्यात चांदी. दुसऱ्या फोटोत तेच हसू, तीच चांदी. पण गाल निळसर, ओठ काकडलेले.

“जित्ती बाईनं मढं करी टाकं मशीननं,” नाना म्हणाले. “असा फोटो मी धा हात लांबतून वळखस.”

त्यांनी निळा फोटो उचलला आणि उभा फाडला. दुसरा भरतच्या हातात दिला. “हाऊ ले. हाऊ मन्हा हातना.”

भरतने फोटो कपाळाला लावला. “आई अशीच होती, नाना.” पाया पडून तो निघून गेला.

“बलाव भंगारवालाले,” नाना सुनेला म्हणाले. “समदं उचली न्हेवाले सांग. वायरीसुद्धा.”

रंजिताने जमिनीवरचे तुकडे गोळा केले.

“जो फाडा तो तुमना व्हता, नाना.”

नाना हसले. हरलेल्या माणसाकडे बघून हसतात तसे.

“जुना डोळातून देखा,” ती म्हणाली, आणि तुकडे जुळवून त्यांच्यापुढे धरले.

तिला खोटं पाडून चार शब्द सुनावायचेच म्हणून नानांनी नव्या डोळ्यावर तळहात ठेवला. रमिलाबाईच्या गालावर ऊन आलं. लुगडं पळसासारखं पेटलं. काळोख्या खोलीतून बाहेर आणून, पिवळं कमी करत, पुन्हा कमी करत, अगदी असाच त्यांनी तो जुळवला होता. त्यांनी हात काढला. बाई पुन्हा काकडली. हात ठेवला. ऊन आलं.

पिवळं फोटोत नव्हतंच. ते मोतीबिंदूच्या डोळ्यात होतं.

नाना स्टुलावर बसले. बाहेर अक्कलकुव्याची जीप पॅसेंजरसाठी हॉर्न देत राहिली.

“मंग लोके मन्ही तारीफ करतस ती?”

रंजिताने तुकडे काउंटरवर ठेवले, एकावर एक, नीट.

“डोळावर पडदा उना तवयपासून तुमना पाकिटमा मन्हाच फोटो जाई ऱ्हायनात, नाना.”